दुसरा मॉनिटर दिसेना, तेव्हा: दोष शोधायचा क्रम

दोन मॉनिटर लावून काम करणारी घरं ठाणे-नवी मुंबईत आता जागोजाग सापडतात. कुणी महापे-ऐरोलीच्या कंपनीचा लॅपटॉप घरी आणून त्याला मोठी स्क्रीन जोडतं, कुणी नौपाड्यातल्या छोट्या ऑफिसात एकीकडे टॅली आणि दुसरीकडे रिटर्न उघडून बसतं, कुणी घोडबंदरच्या फ्लॅटमध्ये शेअरच्या चार्टसाठी तिसरा मॉनिटर भिंतीला लावतं. मग एका सकाळी यातली एक स्क्रीन काळी राहते आणि बहुतेक जण सगळ्यात आधी ड्रायव्हर (विंडोजला ग्राफिक्स चालवायला लागणारं सॉफ्टवेअर) काढून पुन्हा टाकायला बसतात. दोन तासांनी कळतं, की केबल मागून अर्धी निसटली होती.

चित्र चार टप्प्यांतून तुमच्यापर्यंत येतं: विंडोज आणि ड्रायव्हर, संगणकाचं पोर्ट, केबल (मधला कन्व्हर्टर धरून) आणि मॉनिटर. यातला कोणता टप्पा बिघडलाय हे ठरेपर्यंत एकाही सेटिंगला हात लावू नका. एका वेळी एकच गोष्ट बदला आणि दोष कोणाबरोबर सरकतो ते बघा. पुढची सगळी तपासणी याच एका नियमावर चालते.

मॉनिटर स्वतः काय सांगतोय ते वाचा

काळी स्क्रीन म्हटलं तरी तिचे प्रकार वेगळे असतात.

पॉवरचा दिवाच लागत नसेल, तर प्रश्न विजेचा आहे. ॲडॅप्टरची पिन, मागची पॉवर कॉर्ड, एक्स्टेन्शन बोर्डाचा स्विच. शेजारच्या चालू मॉनिटरची पॉवर कॉर्ड तशीच असेल तर ती लावून बघा. ॲडॅप्टर मात्र बदलताना व्होल्ट तेच हवेत आणि अँपिअर तेवढे किंवा जास्त. १२ व्होल्टच्या जागी १९ व्होल्टचा लावलात तर मॉनिटरचा बोर्ड जाऊ शकतो.

दिवा लागतो आणि 'नो सिग्नल' येतं, म्हणजे मॉनिटर जिवंत आहे पण निवडलेल्या इनपुटवर काही पोचत नाही. मॉनिटरच्या बटणांनी मेनू उघडून इनपुट हाताने निवडा: एचडीएमआय १, एचडीएमआय २, डिस्प्लेपोर्ट. 'ऑटो' वर भरवसा ठेवू नका. दोन इनपुट जोडलेली असली की कित्येक मॉनिटर चुकीच्या इनपुटवर अडकून बसतात.

'आउट ऑफ रेंज' असं आलं, तर सिग्नल पोचतोय, पण मॉनिटरला न झेपणाऱ्या रेझोल्यूशनचा किंवा रिफ्रेश रेटचा (चित्र सेकंदाला किती वेळा नव्याने येतं तो आकडा, हर्ट्झमध्ये). हा दोष बहुधा सेटिंगचा. पहिल्या स्क्रीनवरून दुसरीचा रेट ६० हर्ट्झवर आणा.

चौथा प्रकार लोकांच्या लक्षात येत नाही. दिवा लागलाय, संदेश नाही, स्क्रीन काळीच. खोलीत अंधार करून मोबाईलचा टॉर्च स्क्रीनवर तिरका मारा. पुसटसं चित्र दिसलं तर पॅनेल चालू आहे आणि मागचा बॅकलाइट गेलाय. ते दुरुस्तीवाल्याचं काम, तुमची केबल आणि ड्रायव्हर निर्दोष.

रेघा, ठिपके, रंग फाटणं यासाठी दोन सोप्या चाचण्या आहेत. मॉनिटरचा स्वतःचा मेनू उघडा. रेघा त्या मेनूवरूनही जात असतील, तर दोष मॉनिटरच्या आत. मेनू स्वच्छ असेल, तर दोष त्याच्या आधी. मग विंडोजमध्ये स्क्रीनशॉट घ्या आणि तो चांगल्या मॉनिटरवर बघा. रेघा स्क्रीनशॉटमध्येही आल्या असतील तर ड्रायव्हर किंवा ग्राफिक्स कार्ड बघा, नसतील तर केबल आणि पोर्ट.

अदलाबदल: दहा मिनिटांची खरी तपासणी

समजा डावा मॉनिटर चालू आहे आणि उजवा काळा.

१. संगणक शट डाउन करा. दोन्ही मॉनिटर आणि आपण ज्याला सर्रास सीपीयू म्हणतो तो डबा, तिघांचेही प्लग भिंतीतून काढा. सीपीयूचं पॉवर बटण १० ते १५ सेकंद दाबून धरा. मिनिटभर थांबा. अडकलेले मॉनिटर कधीकधी एवढ्यानेच ताळ्यावर येतात, कारण स्टँडबायमध्ये त्यांचा आतला बोर्ड पूर्ण बंद झालेलाच नसतो.

२. सगळं पुन्हा जोडा. प्रत्येक केबल दोन्ही टोकांना काढून परत बसवा. डिस्प्लेपोर्टला खटका असतो, तो 'टक' असा बसला पाहिजे. काढताना वरची कळ दाबल्याशिवाय ओढू नका, पोर्टच उखडतं.

३. अजून काळाच असेल, तर मॉनिटरच्या बाजूची टोकं अदलाबदल करा. डाव्याची केबल उजव्याला, उजव्याची डाव्याला. आता उजवा चालू झाला आणि डावा काळा पडला, तर मॉनिटर दोन्ही चांगले आहेत. दोष केबलमध्ये किंवा पोर्टमध्ये. उजवाच काळा राहिला, तर दोष उजव्या मॉनिटरचा किंवा त्याच्या त्या इनपुटचा. त्याचं दुसरं इनपुट वापरून बघा.

४. दोष केबल-पोर्टच्या बाजूला आला असेल, तर आता सीपीयूच्या बाजूची टोकं अदलाबदल करा. काळेपणा केबलबरोबर गेला तर केबल, पोर्टवर राहिला तर पोर्ट.

एक मॉनिटर एचडीएमआय आणि दुसरा डिस्प्लेपोर्टवर असेल तर अशी सरळ अदलाबदल होत नाही. तेव्हा चालू असलेला मॉनिटर पूर्ण काढून ठेवा आणि त्याच केबलवर, त्याच पोर्टवर बिघडलेला एकटा लावून बघा. शेजाऱ्याकडून तासाभरासाठी एक केबल मागून आणणं हे कोणत्याही सॉफ्टवेअरपेक्षा जास्त कामाचं.

केबल मदरबोर्डला लागली की कार्डला?

डेस्कटॉपच्या मागे दोन ठिकाणी पोर्ट असतात: वर उभ्या पट्टीत यूएसबीच्या शेजारी मदरबोर्डची, खाली आडव्या खाचेत ग्राफिक्स कार्डची. एक केबल वर आणि एक खाली लावली, की अनेक संगणकांवर वरचा मॉनिटर दिसत नाही. कार्ड बसवल्यावर प्रोसेसरमधलं ग्राफिक्स आपोआप बंद होतं, हे त्याचं नेहमीचं कारण. सगळे मॉनिटर कार्डालाच लावा. कार्डाची पोर्ट संपली असतील, तर बायॉसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणारं मदरबोर्डचं सेटिंगचं पान) जाऊन 'आयजीपीयू मल्टि-मॉनिटर' किंवा 'इंटिग्रेटेड ग्राफिक्स' अशा नावाचा पर्याय सुरू करा. नाव प्रत्येक बोर्डावर थोडं वेगळं असतं.

त्याआधी प्रोसेसरचं नाव बघा. इंटेलच्या ज्या प्रोसेसरच्या शेवटी 'एफ' आहे, उदाहरणार्थ आय५-१२४००एफ, त्यात ग्राफिक्स नसतंच. एएमडीच्या रायझन ५ ५६०० मध्येही नाही, ५६००जी मध्ये आहे. अशा संगणकात मदरबोर्डवरचं एचडीएमआय पोर्ट नुसतं शोभेचं. चालू पोर्टांची संख्याही मोजा: कार्डावर पाच पोर्ट दिसली तरी बहुतेक कार्डं एका वेळी चारच स्क्रीन चालवतात.

केबल आणि कन्व्हर्टर: सर्वाधिक दोष इथेच

एचडीएमआय १.४ ची क्षमता १०.२ गिगाबिट प्रति सेकंद. त्यावरून फोर-के चित्र जातं, पण ३० हर्ट्झनेच. माउस चिखलातून ओढल्यासारखा वाटतो तो यामुळे. एचडीएमआय २.० मध्ये १८ गिगाबिट आहेत, तिथे फोर-के ६० हर्ट्झने चालतं. त्यासाठी संगणकाचं पोर्ट, केबल आणि मॉनिटरचं इनपुट, तिन्ही त्या क्षमतेचं हवं. तिघांतलं सर्वांत कमजोर जे असेल त्यावर सगळं येतं. जुन्या लॅपटॉपचं पोर्ट १.४ चं असेल, तर महागडी केबल आणून काही फरक पडत नाही. केबल घेताना पाकिटावर 'प्रीमियम हाय स्पीड' लिहिलंय का ते बघा. आणि लांबी गरजेपुरतीच घ्या. टेबलावर मांडायला दीड-दोन मीटर पुरते. पाच मीटरची गुंडाळून ठेवलेली स्वस्त केबल फोर-केला मध्येच चित्र सोडते.

कन्व्हर्टरला दिशा असते, आणि पैसे वाया जातात ते इथेच. संगणकाच्या डिस्प्लेपोर्टमधून मॉनिटरच्या एचडीएमआयला जाणारी साधी केबल चालते, कारण बहुतेक डिस्प्लेपोर्टना एचडीएमआय पद्धतीचा सिग्नल स्वतःच देता येतो. उलट दिशेला, म्हणजे संगणकाच्या एचडीएमआयमधून मॉनिटरच्या डिस्प्लेपोर्टला, तीच केबल कधीच चालणार नाही. तिथे आत चिप असलेला ॲक्टिव्ह कन्व्हर्टर लागतो. बहुधा त्याला विजेसाठी वेगळी यूएसबी वायर असते. शिवाय साध्या स्वस्त डिस्प्लेपोर्ट-एचडीएमआय कन्व्हर्टरमधले बरेच १९२० बाय १२०० च्या पुढे जात नाहीत. २५६० बाय १४४० चा मॉनिटर घेऊन अक्षरं अस्पष्ट येत असतील, तर आधी हा मधला तुकडा बघा.

डिस्प्लेपोर्टच्या केबलचा एक विचित्र दोष लक्षात ठेवा. कनेक्टरच्या २० नंबरच्या पिनवर ३.३ व्होल्ट असतात आणि नियमानुसार साध्या केबलमध्ये ती पिन दोन टोकांना जोडायची नसते. काही स्वस्त केबलमध्ये ती जोडलेली असते. मग मॉनिटरकडून उलटा पुरवठा कार्डात शिरतो आणि संगणक सुरूच होत नाही, किंवा बंद केल्यावरही कार्डाचा दिवा मंद तेवत राहतो. केबल काढल्यावर संगणक नीट सुरू झाला, तर ती केबल पुन्हा वापरू नका.

आपल्याकडे पावसाळ्याचाही विचार करावा लागतो. खाडीच्या जवळ, कोपरखैरणे-घणसोलीच्या किंवा सीवूड्सच्या बाजूला, हवेत ओल आणि खार दोन्ही असतात, आणि जून ते सप्टेंबर बंद पडून राहिलेल्या पोर्टच्या पिना काळवंडतात. केबल हलवली की चित्र येतं-जातं, एखादा रंग गायब होऊन सगळं गुलाबी किंवा हिरवट दिसतं. सगळं बंद करून, प्लग काढून, ९९ टक्क्यांच्या आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये मऊ ब्रश बुडवून पिना पुसा आणि १५ मिनिटं वाळू द्या. सॅंडपेपर किंवा ब्लेड लावू नका, वरचा पातळ मुलामा निघून जातो. ग्राफिक्स कार्ड काढून परत बसवायचं असेल, तर आधी कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावा, खाचेच्या टोकाची क्लिप दाबा, सरळ वर उचला. सोनेरी पट्टी स्वच्छ पांढऱ्या खोडरबराने हलकेच घासून वरून अल्कोहोलने पुसली की पुरे. परत लावताना ६ किंवा ८ पिनची पॉवर केबल विसरू नका. ती राहून जाणं हेच 'कार्ड मेलं' असं वाटण्याचं कारण असतं.

लॅपटॉप, टाइप-सी आणि डॉक

टाइप-सी हा फक्त यूएसबी प्लगचा आकार आहे. त्यातून चित्र जाईलच असं नाही. पोर्टशेजारी विजेच्या बाणाची थंडरबोल्टची खूण किंवा डिस्प्लेपोर्टचं चिन्ह असेल तर जातं. खूण नसेल तर लॅपटॉपच्या मॉडेलची माहितीपत्रिका बघा. केबलचंही तसंच. फोनच्या चार्जरबरोबर आलेल्या बहुतेक टाइप-सी केबलमध्ये वेगवान तारा नसतात, त्यामुळे चार्जिंग होतं पण स्क्रीन येत नाही.

एका डॉकवर (लॅपटॉपच्या एका पोर्टातून अनेक पोर्ट काढून देणारा डबा) दोन मॉनिटर लावले आणि दोन्हीवर एकच चित्र आलं, तर डॉक कोणत्या पद्धतीचा आहे ते शोधा. एक पद्धत एमएसटीची: डिस्प्लेपोर्टच्या एकाच सिग्नलमध्ये अनेक स्क्रीन. डिस्प्लेपोर्ट १.२ वर यातून २५६० बाय १४४० चे दोन मॉनिटर ६० हर्ट्झने चालतात. मॉनिटरला मॉनिटर जोडून साखळी करायची असेल, तर पहिल्याच्या मेनूत 'एमएसटी' किंवा 'डीपी १.२' सुरू करा आणि शेवटच्यात बंद ठेवा. मॅक ही पद्धत वेगवेगळ्या स्क्रीनसाठी वापरत नाही. एमएसटी डॉकवर मॅक दोन्हीकडे तेच चित्र दाखवणार, त्यात बिघाड काही नाही. एम१ आणि एम२ चिपच्या मॅकबुक एअरला बाहेरचा एकच मॉनिटर जोडता येतो. एम३ च्या एअरला झाकण बंद केलं तर दोन, एम४ ला झाकण उघडं ठेवूनही दोन.

दुसरी पद्धत डिस्प्लेलिंकची. यात लॅपटॉप यूएसबीवरून चित्र पाठवतो आणि डॉकमधली चिप ते मॉनिटरला देते, म्हणून लॅपटॉपवर तिचा वेगळा ड्रायव्हर लागतो. ड्रायव्हर नसेल तर कीबोर्ड-माउस चालतील आणि मॉनिटर काळे राहतील. मॅकवर तिला स्क्रीन रेकॉर्डिंगची परवानगीही द्यावी लागते. कंपनीच्या लॅपटॉपवर ड्रायव्हर टाकायचा अधिकार बहुधा नसतो. तिथे घरी झटापट करण्यापेक्षा डॉकचं मॉडेल लिहून आयटी विभागाला कळवा.

आता विंडोज

केबल-पोर्ट-मॉनिटर चांगले ठरले, तरच इथे या.

'विंडोज' आणि 'पी' एकत्र दाबा. चार पर्याय येतील, 'एक्स्टेंड' निवडा. चुकून 'पीसी स्क्रीन ओन्ली' झालेलं असणं हे इतकं सामान्य आहे, की ही कळ आधीच दाबून बघायला हरकत नाही. स्क्रीन अचानक गोठली किंवा काळी झाली असेल तर 'विंडोज', 'कंट्रोल', 'शिफ्ट' आणि 'बी' एकदम दाबा. ग्राफिक्स ड्रायव्हर पुन्हा सुरू होतो, एक बीप येतो, उघडलेलं काम जात नाही.

मग सेटिंग्ज, सिस्टिम, डिस्प्ले. 'आयडेंटिफाय' दाबलं की प्रत्येक स्क्रीनवर आकडा उमटतो. टेबलावर जशा मांडल्यात तशाच चौकटी ओढून लावा, वरच्या कडा जुळवा. उजव्या स्क्रीनवर जायला माउस डावीकडे न्यावा लागतो किंवा कडेला अडतो, तो प्रश्न एवढ्यावरच सुटतो. हवी ती चौकट निवडून 'मेक धिस माय मेन डिस्प्ले' ला खूण करा. आकडा १ म्हणजे मुख्य स्क्रीन असं नसतं. मॉनिटर यादीतच नसेल, तर खाली 'मल्टिपल डिस्प्लेज' मध्ये 'डिटेक्ट'.

एखादी विंडो बंद असलेल्या स्क्रीनवर हरवली असेल, तर 'आल्ट-टॅब' ने ती निवडा आणि 'विंडोज', 'शिफ्ट' धरून डावा किंवा उजवा बाण दाबा.

रेझोल्यूशन १०२४ बाय ७६८ वर अडकलं आणि पुढचे पर्यायच नाहीत, याचा अर्थ मॉनिटरची माहिती संगणकाला पोचत नाही. प्रत्येक मॉनिटर आपल्या क्षमतेची छोटी नोंद, ईडीआयडी, केबलमधूनच पाठवतो. ती वाट तुटली की विंडोज अंदाजाने खालचं रेझोल्यूशन देतं. जुनी व्हीजीए केबल, एखादी वाकलेली पिन किंवा मधला स्प्लिटर काढला, की ते बहुधा सुटतं. रिफ्रेश रेट 'ॲडव्हान्स्ड डिस्प्ले' मध्ये प्रत्येक मॉनिटरसाठी वेगळा निवडावा लागतो. १४४ हर्ट्झचा मॉनिटर घेऊन तो ६० वर चालवणारे कमी नाहीत. चुकीचा रेट निवडून स्क्रीन काळी झाली, तर काही दाबू नका. १५ सेकंदांत जुनी सेटिंग आपोआप परत येते.

एका स्क्रीनवर अक्षरं बारीक आणि दुसरीवर मोठी येतात, ते 'स्केल' प्रत्येकाला वेगळं द्यायचं असतं म्हणून. जुनी प्रोग्रॅम १२५ किंवा १५० टक्क्यांवर धूसर दिसतात. त्या प्रोग्रॅमच्या आयकॉनवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज, कम्पॅटिबिलिटी, 'चेंज हाय डीपीआय सेटिंग्ज' मध्ये जा आणि 'ओव्हरराइड' ला खूण करून 'सिस्टिम (एनहान्स्ड)' करून बघा. अकाउंटिंगच्या जुन्या सॉफ्टवेअरला याचा चांगला उपयोग होतो.

टीव्ही दुसरी स्क्रीन म्हणून लावला असेल आणि टास्कबार कडेला कापला जात असेल, तर टीव्हीच्या पिक्चर सेटिंगमध्ये 'जस्ट स्कॅन' किंवा 'स्क्रीन फिट' शोधा. अक्षरांच्या कडा रंगीत फुटत असतील, तर त्या इनपुटला 'पीसी' असं नाव द्या. अनेक टीव्ही तेव्हाच रंगांची पूर्ण माहिती घेतात.

संगणक स्लीपमधून उठल्यावर सगळ्या विंडो एका स्क्रीनवर गोळा होतात, ती तक्रार मुख्यतः डिस्प्लेपोर्टची. मॉनिटर बंद झाला की डिस्प्लेपोर्ट त्याला 'काढला' असं समजतो. विंडोज ११ मध्ये 'मल्टिपल डिस्प्लेज' खाली 'रिमेंबर विंडो लोकेशन्स' ला खूण करा, आणि मॉनिटरच्या मेनूत 'डीप स्लीप' आणि 'ऑटो इनपुट' बंद करा.

मधूनच काळी होणारी स्क्रीन

दिवसातून दोन-चारदा स्क्रीन सेकंदभर काळी होऊन परत येत असेल, तर वेळ लिहून ठेवा. फ्रिज किंवा एसी सुरू होताना होतंय का? खुर्चीवरून उठताना होतंय का? खुर्चीचा प्रश्न ऐकायला अजब वाटतो, पण गॅस-लिफ्टच्या खुर्चीवर उठता-बसताना स्थिर विद्युत उडते आणि तिचा झटका कच्च्या आवरणाच्या केबलला जाणवतो. उपाय चांगल्या आवरणाची, आखूड केबल.

विजेची बाजू दुर्लक्षू नका. जुन्या इमारतींमध्ये तीन पिनांचं सॉकेट असतं आणि मागे अर्थिंगची तारच नसते. अर्थिंग नसलेल्या सीपीयूच्या पत्र्याला हात लावला की झिणझिण्या येतात, कारण एसएमपीएसमधल्या (सीपीयूच्या पॉवर सप्लायमधल्या) फिल्टरमुळे पत्र्यावर व्होल्टेज तरंगतं. अशा वेळी चालू स्थितीत एचडीएमआय खुपसली, तर ते व्होल्टेज पोर्टमधून जातं आणि पोर्ट मरू शकतं. वायरमनला बोलावून अर्थिंग तपासून घ्या. तोवर सीपीयू आणि सगळे मॉनिटर एकाच एक्स्टेन्शन बोर्डावर ठेवा आणि केबल जोडताना सगळं बंद करा. यूपीएसवर फक्त सीपीयू असेल आणि मॉनिटर थेट भिंतीवर, तर वीज क्षणभर गेल्यावर मॉनिटरच बंद होतील. दोन्ही यूपीएसवर घ्या, पण एकूण वॅट मोजून.

टीव्हीला सेट-टॉप बॉक्सची केबल लागलेली असेल, तर वळवाच्या आणि परतीच्या पावसात विजा चमकत असताना ती आणि एचडीएमआय दोन्ही काढून ठेवा. गच्चीवरून आलेल्या त्या तारेतून आलेला झटका टीव्हीतून थेट ग्राफिक्स कार्डापर्यंत पोचतो.

विजेचं काही नसेल, तर मॉनिटरच्या मेनूत 'ॲडॅप्टिव्ह सिंक' किंवा 'फ्री-सिंक' बंद करा आणि रेट एक पायरी खाली आणा. १४४ वर काळी होणारी स्क्रीन १२० वर स्थिर राहिली, तर केबल कमी पडतेय.

ड्रायव्हर, सगळ्यात शेवटी

बिघाड विंडोज अपडेटनंतर लगेच सुरू झाला असेल, तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये 'डिस्प्ले ॲडॅप्टर्स' उघडा, कार्डावर डबल क्लिक करा, 'ड्रायव्हर' टॅबमध्ये 'रोल बॅक' दाबा. ते बटण फिकट असेल, तर इंटेल, एनव्हिडिया किंवा एएमडीच्या स्वतःच्या संकेतस्थळावरून ड्रायव्हर आधी उतरवून घ्या आणि मगच जुना काढा. क्रम उलटा केलात तर कमी रेझोल्यूशनच्या स्क्रीनवर डाउनलोड शोधत बसाल. लॅपटॉप असेल तर लॅपटॉप कंपनीच्या पानावरचा ड्रायव्हर आधी वापरा.

विंडोज सुरू होतानाच एक स्क्रीन काळी होत असेल, तर दुसरीवर दिसणाऱ्या लॉगिनच्या पानावर 'शिफ्ट' धरून 'रीस्टार्ट' दाबा. ट्रबलशूट, ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स, स्टार्टअप सेटिंग्ज, रीस्टार्ट, आणि मग ४ दाबून सेफ मोड. तिथे सगळं दिसलं तर ड्रायव्हर दोषी. बायॉसचं पानसुद्धा कुठल्याच मॉनिटरवर येत नसेल, तर विंडोजचा काही संबंध नाही. कार्ड, रॅम किंवा पॉवर सप्लाय बघावा लागेल.

दुकानात न्यायची वेळ आलीच, तर वाशीला न्या, ठाणे स्टेशनजवळ न्या किंवा लॅमिंग्टन रोडला, पण नुसता सीपीयू नेऊ नका. ज्या केबलवर आणि कन्व्हर्टरवर दोष येतो तेही सोबत न्या, आणि अदलाबदलीत काय दिसलं ते कागदावर लिहून द्या: कोणतं पोर्ट, कोणती केबल, कोणता मॉनिटर, किती हर्ट्झ.